बुडवणारी नगरी

मी एक जुनी नगरी आहे. चारही बाजूंनी समुद्र, मध्ये एक उभी टेकडी आणि त्या टेकडीला बिलगून वर चढत गेलेल्या माझ्या दगडी गल्ल्या. मला नकाशात शोधू नका, मित्रांनो. मी एका व्हिडिओ गेममध्ये राहते, आणि तेही अगदी शेवटी. आधीची सगळी बेटं आणि वादळं पार करून, दमून-भागून खेळाडू माझ्या धक्क्याला लागतो तेव्हा त्याला वाटतं, चला, सुटलो. तिथेच तो फसतो.

तुम्हाला मी ‘मित्रांनो’ म्हणते ते रीत म्हणून. शाळेच्या निबंधातली छत्री तुमच्यावर माया करत असेल, मी करत नाही. तुम्हाला हरवण्यासाठीच माझा जन्म झाला आहे.

माझा जन्म एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात झाला. खिडकी नव्हती. टेबलं एकमेकांना खेटून ठेवलेली, खाली वायरींचा गुंता, दाराशी चपलांचा ढीग. माझी रचना करणाऱ्या बाईला तिथे सगळे ‘मुकादम’ म्हणत, कारण दुसऱ्याने ठेवलेला एकही दगड तिच्या पसंतीस उतरत नसे. माझ्या पायऱ्या तिने तीनतीनदा पाडून पुन्हा बांधल्या. खेळाडूला दम कसा लागतो हे ठरवण्यासाठी ती इमारतीचे जिने धावत चढली आणि आवाजाचं काम करणाऱ्याला म्हणाली, “बघतोस काय, माइक धर! धाप ओसरली की परत चढावं लागेल मला.” माझ्या गल्ल्यांत आजही जी धाप ऐकू येते ती तिची आहे.

माझ्या प्रत्येक घराला दार आहे, पण एकही दार उघडत नाही. तुम्ही ठोठावलंत की आतून कडी लावल्याचा आवाज येतो. खिडकीत दिवा असेल तर तोही विझतो. हे सगळं मुकादमबाईने मन लावून केलं. तिने मला रंगरूप दिलं, आणि त्याहून जास्त खुनशीपणा दिला.

कंपनीचा मालक तिचा कॉलेजातला मित्र. दोघांनी मिळून तो गाळा घेतला होता. मालकाला शेवटी एक मोठा राक्षस हवा होता.

“राक्षस कशाला?” मुकादमबाई म्हणाली. “दोघं जण खेळतायत ना? तेच पुरे आहेत एकमेकांना.”

मग तिने त्याला माझा पूल दाखवला. तुम्हीही नीट समजून घ्या. माझ्यात दोघांनी मिळून यायचं असतं. आलात की भरती सुरू होते आणि खालच्या गल्ल्या एकामागून एक बुडू लागतात. टेकडीच्या माथ्यावर घंटाघर आहे. ती घंटा वाजवली की खेळ जिंकला. पण घंटाघराच्या अलीकडे एक दरी आहे आणि दरीवर उचलता येणारा पूल. एकाने अलीकडचं चाक धरून ठेवलं तरच तो पूल खाली राहतो आणि दुसरा पलीकडे जातो. पलीकडेही तसंच एक चाक आहे. पलीकडे गेलेल्याने थांबून ते फिरवलं, तर मागे राहिलेलाही येऊ शकतो. मात्र तेवढ्या वेळात पाणी दोघांनाही गाठू शकतं. न थांबता तो वर पळाला, तर त्याची एकट्याची जीत पक्की, आणि मागचा बुडतो.

“लोक सोडून पळतील गं,” मालक म्हणाला.

“पळू देत. कळेल तरी, कोण कसं आहे ते.”

मालक खुर्चीत मागे रेलून हसला. “तू बाई फार दुष्ट आहेस,” तो म्हणाला, आणि त्याने होकार दिला.

मी जगात आले आणि लोक धावत आले. खेळाडूंच्या कानांवर हेडफोन असतात, तोंडाशी माइक असतो. त्यातून त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं. माझं नाव त्यांनी ‘खाष्ट सासू’ ठेवलं. गेमबद्दल लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी मला डोक्यावर घेतलं. असा शेवट आजवर पाहिला नाही, असं ते म्हणाले. आणि माझ्या पुलापाशी लोक पळत राहिले. जिवलग मित्र पळाले. एक नवरा बायकोला चाकाशी ठेवून पळाला. “अगं, खेळच तर आहे,” तो म्हणाला. “हो ना, खेळातच कळतं,” ती म्हणाली, आणि तिचा माइक बंद झाला. मी तिला बुडवत होते आणि मला मजा वाटत होती.

त्या काळात एक बहीण-भाऊ माझ्याकडे येत. बहीण मोठी. ती घरी कपडे शिवून देत असे. शिलाई मशीनची घरघर थांबली की समजावं, आता ती येणार. भाऊ दुसऱ्या शहरात एका गोदामात कामाला होता. ती त्याला ‘बारक्या’ म्हणत असे. दोघं खेळत छान, पण खेळापलीकडे एक अक्षर बोलत नसत. “उजवीकडे वळ.” “थांब, पाणी येतंय.” “चल आता.” बस. इतक्या काटकसरीने बोलणारी भावंडं मी पाहिली नव्हती.

पहिल्यांदा पुलापर्यंत पोचले तेव्हा चाक बहिणीने धरलं. बारक्या पलीकडे गेला आणि थेट घंटाघराकडे धावत सुटला.

“बारक्या?” ती म्हणाली. “अरे, चाक!”

तो थांबला नाही. तिच्या गुडघ्यांपर्यंत पाणी आलं, मग कमरेपर्यंत. वरून घंटेचा आवाज आला.

“ताई, जिंकलो आपण!” बारक्या ओरडला.

“आपण?” एवढंच बोलून ती निघून गेली.

बरेच दिवस ती दोघं फिरकली नाहीत. मला त्यांची आठवण आली असं समजू नका. मग एका दुपारी ती दोघं परत आली. पुलापाशी आल्यावर या वेळी बारक्याने आपणहून चाक धरलं. बहीण पलीकडे गेली. दुसऱ्या चाकापाशी जाऊन उभी राहिली. आणि उभीच राहिली.

“ताई, फिरव ना.”

ती हलली नाही. घंटाघराकडेही गेली नाही. नुसती त्याच्याकडे तोंड करून उभी.

“ताई, पाणी चढतंय. ऐकू येतंय का तुला?”

“येतंय,” ती म्हणाली. “आई पडली त्या दिवशी मी पण अशीच हाक मारत होते तुला. फोन वाजत होता. तू बघत होतास ना, कोणाचा आहे ते?”

पाणी बारक्याच्या छातीपर्यंत आलं. त्याने चाक मात्र सोडलं नाही. सोडून बाजूच्या पायऱ्यांवर चढला असता तर थोडा वेळ वाचला असता. तो बुडला. पाठोपाठ मी तिलाही बुडवलं. दोघांचे पडदे काळे झाले, पण माइक चालू होते. आता शिव्यागाळी होणार म्हणून मी कान टवकारले.

“बघत होतो,” बारक्या म्हणाला. “उचलला असता तर यावं लागलं असतं. मला वाटलं, तू सांभाळशील.”

“सगळ्यांना तसंच वाटतं. सांभाळणारीला कोणी विचारत नाही.”

“आता चालते का गं ती?”

“काठी घेऊन. खोलीतल्या खोलीत. ये आणि बघ की डोळ्यांनी. मी काय बातम्या द्यायला बसलेय का?”

“ओरडेल ती मला.”

“ओरडेलच. मी पण ओरडणार आहे. तरी ये.”

यानंतर ती दोघं आली तेव्हा दोन्ही आवाज एकाच खोलीतून येत होते. मागे कपबशीचा आवाज होता आणि एका म्हातारीचा खोकला. पुलापाशी बहिणीने चाक धरलं, बारक्या पलीकडे गेला, वळला आणि दुसरं चाक जिवाच्या आकांताने फिरवू लागला. ती धावत आली. दोघं घंटाघराच्या पायऱ्यांना लागली, आणि तिथे मी दोघांना गाठलं.

“अरे बारक्या, धर तिला, धर!” म्हातारी ओरडली.

“आई, यात असं धरता येत नाही.”

“मग काय कामाचा मेला हा गेम?”

तिघंही हसत सुटली. मी त्यांना तेव्हाही सोडलं नाही आणि नंतरही नाही. त्या दोघांनी मिळून घंटा कधीच वाजवली नाही. पण येत राहिली.

सगळेच असे नव्हते. ज्यांना मागे सोडलं गेलं त्यांचा राग हळूहळू पळणाऱ्यांवरून उठला आणि मुकादमबाईवर जाऊन बसला. तिच्या टेबलावरच्या पडद्यावर रोज संदेश येऊ लागले. तुझ्यामुळे माझी मैत्री तुटली. तुला लोकांची मनं कळत नाहीत. मग भाषा घसरली. तुलाच बुडवायला पाहिजे, असं कोणी लिहिलं. एकाने तर ती राहते त्या इमारतीच्या फाटकाचा फोटो काढून पाठवला, सोबत एक शब्दही न लिहिता. तो पाहिल्यावर आवाजाचं काम करणारा कितीतरी दिवस तिला घरापर्यंत सोडायला जात असे.

मालकाने तिला बोलावलं. “पूल काढून टाकू,” तो म्हणाला. “कायमचा खाली ठेवू. पाणी घोट्याच्या वर चढू द्यायचं नाही.”

“मग उरलं काय तिच्यात?”

“लोक येतील, बघतील, घंटा वाजवतील, खूश होऊन घरी जातील.”

“लोक पुलामुळे भांडत नाहीत रे. आधीच भांडलेले असतात.”

“तुला शिव्या खायची हौस असेल तर तू खा. कंपनीने का खाव्या?”

“माझ्या फाटकाचा फोटो आला तेव्हा तू काय केलंस? पोलिसांकडे गेलास? नाही. पूल पाडायला निघालास.”

“आवाज खाली कर.”

“हा गाळा आपण दोघांनी घेतला होता,” ती म्हणाली. तिने आवाज खाली केला नाही. दाराशी जाऊन चपलांच्या ढिगातून आपली चप्पल शोधली, पायात घातली आणि ती निघून गेली. गाळ्यातले बाकीचे सगळे आपापल्या पडद्यात तोंड घालून बसले होते.

माझे दात काढायला फार वेळ लागला नाही. पूल खाली आला तो वर गेलाच नाही. दोन्ही चाकं शोभेपुरती उरली, आणि माझ्यात एकट्यालाही येता येऊ लागलं. भरती येते, पाय भिजवते आणि ओशाळल्यासारखी परत जाते. आता लोक माझ्यातून जांभया देत जातात. घंटा वाजवून म्हणतात, “एवढंच?” एकाने तर आपल्या खेळाडूला माझ्या गल्लीत उभं केलं आणि तो जेवायला गेला. जेवून आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ बंद केलं. ज्या नगरीचं नाव काढताच लोकांच्या तळहातांना घाम सुटायचा, तिच्यात लोक ताटावरून उठून हात वाळवतात. मी काय करणार? चिडते, कड्या लावते, दिवे विझवते. कोणाला फरक पडत नाही.

मग नवा गेम निघाला. गर्दी तिकडे गेली. माझ्या गल्ल्यांत लाटांचा आवाज उरला.

एकदा एक एकटी खेळाडू आली. ती वाटा न चुकता, कोणत्या पायरीवर पाय घसरतो ते आधीच ठाऊक असल्यासारखी चढली. पुलापाशी थांबली. अलीकडच्या चाकाला हात लावून ते फिरवून पाहिलं. फिरलं नाही. पुन्हा पाहिलं. नाही. मग ती तिथेच, पाणी चढण्याची वाट पाहत उभी राहिली. मी तिला बुडवावं म्हणूनच ती आली होती, मित्रांनो. आणि मला तेवढंही करता आलं नाही. माझं पाणी तिच्या घोट्याला लागलं आणि मागे फिरलं.

“तुझी काय ही दशा केली गं,” मुकादमबाई म्हणाली आणि निघून गेली.

आता मी ज्या यंत्रांवर जगते ती बंद करायचं ठरलं आहे, असं ऐकते. करा बंद. मी गयावया करणार नाही. पण जाण्याआधी एक सांगते, आणि ते रागाने सांगते. हरलात की घडवणाऱ्याच्या दाराशी दगड घेऊन जाऊ नका. तिने रात्रंदिवस खपून तुम्हाला हरायची जागा बांधून दिली, तेही कौतुकाचंच काम आहे. जे कठीण आहे ते कठीण राहू द्या. सोपं करून मागाल तर हातात माझ्यासारखी रिकामी वस्ती येईल. आणि कोणी तुमच्यासाठी चाक धरून पाण्यात उभं असेल, तर पलीकडे गेल्यावर एकदा मागे वळा.

मी तुम्हाला कधीच सांभाळून घेतलं नसतं. एकमेकांना सांभाळायचं काम तुमचंच होतं. आता घंटा वाजवा आणि चालते व्हा.