सोमवारची डोकेदुखी

शिंप्याच्या दुकानावरचा जिना माणसांनी भरून गेला होता. वर हॉलमध्ये पंखे गरगरत होते, पण वारा कुणालाच लागत नव्हता. छाती धरून आलेला माणूस बाबांसमोर बसायचा, बाबा चिमूटभर पांढरी पूड द्यायचे आणि तीन मिनिटांत तो म्हणायचा, "कळ थांबली!" तोवर त्याचा चेहरा लाल झालेला असायचा.

"डोकं ठणकतंय ना? शक्ती चढतेय!" बाबा माइकवरून सांगायचे. "जिभेखाली धरा. गिळू नका. पोटात शक्तीला जागा कुठाय? तिथं आधीच जेवण ऐसपैस बसलंय!" लोक हसायचे. उठताना कुणी भेलकांडून पडलाच, तर म्हणायचे, "अहंकार जड होता, खाली बसला."

याच हॉलमध्ये माझा दादा पडला. तो उठला नाही.

दादा बस चालवायचा. त्याच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं, दादा घाबरला, आणि वहिनी त्याला इथे घेऊन आली. पहिल्या खेपेला कळ खरंच थांबली. दुसऱ्या खेपेला बाबांनी दुप्पट पूड दिली आणि उभं राहायला सांगितलं.

"सुटला," बाबा म्हणाले. वहिनीनं हात जोडले.

मला रडू आलं नाही. दहा दिवस रजा काढून मी कपाटं आवरली. मग वहिनी म्हणाली, "वन्सं, बाबांकडे चला. मन हलकं होईल."

गेले. जिभेखाली पूड ठेवली. कानशिलं धाडधाड उडायला लागली, आणि ते ठणकणं माझ्या ओळखीचं निघालं.

मी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची एक गोळी असते. तिची भुकटी यंत्रापाशी उडते. आठवडाभरात अंगाला सवय होते, सुट्टीत ती मोडते, आणि सोमवारी आम्हा सगळ्या बायकांची डोकी ठणकतात. आमच्यात त्या ठणकण्याला कुणी शक्ती म्हणत नाही.

उतरताना हॉलच्या मागच्या जिन्याखाली कचऱ्याच्या डब्यात त्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. छाप आमच्याच कारखान्याचा. कदाचित माझ्याच हातून गेलेल्या. काहीच वाटलं नाही, म्हणून छाप पुन्हा वाचला. मग पट्ट्या डॉक्टरीणबाईंना नेऊन दिल्या.

पुढच्या बैठकीला त्या पोलिसांना कळवून आल्या, रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन.

"शक्ती यंत्रात मोजणार?" बाबा हसले.

"शक्ती नाही, दाब."

पुडीची वाट बघत बसलेल्या गवंड्याचा दाब होता एकशे तीस. बाबांनी सगळ्यांदेखत त्याला पूड दिली. तो उभा राहिला, पांढराफटक पडला. नव्वद! बाईंनी त्याला आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले. थोड्या वेळानं यंत्र एकशे पंधरावर आलं.

"काय हो, अहंकार पायातून वर चढला का?" बाईंनी विचारलं. कुणी हसलं नाही. "या औषधानं शिरा सैल पडतात. रक्त पायांत, पोटात साठतं, हृदयाकडे कमी परततं. हृदय भरलंच नाही, तर पुढे ढकलणार काय? दाब उतरतो, माणूस पडतो."

वहिनी उठली. "मग ह्यांना पहिल्या दिवशी बरं का वाटलं?"

"कारण औषध खरं आहे. हृदयावरचं ओझं कमी झालं, कळ थांबली. पण त्यांची झडप अरुंद. तेवढ्याशा फटीतून रक्त ढकलायला हृदय पुरतं भरावं लागतं. दुप्पट पुडीनं ते भरू दिलं नाही."

एव्हाना पोहोचलेले पोलीस आतल्या खोलीतून गोळ्यांचं खोकं घेऊन आले. बाबा माइक बंद करायला विसरले होते. त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"मीच त्यांना इथे आणलं," वहिनी म्हणाली.

"हो," मी म्हटलं. तिचा हात धरून जिना उतरले.

छातीत दुखलं तर दवाखान्यात जा. कुणी जिभेखाली काही ठेवायला दिलं, तर त्याचं नाव विचारा. नाव सांगत नसेल तर तोंड उघडू नका. आणि बरं वाटलं, तरी कशानं वाटलं ते विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.