तीन बोटं, नऊ अक्षरं

उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधून तो खोका निघाला, तेव्हा झाकणावरचा बर्फ मी नखानं खरवडला आणि खालचं अक्षर पाहून स्टुलावर बसले. लिहिलं होतं, "हात लावाल तर याद राखा." त्याखाली बावीस वर्षांपूर्वीची तारीख.

अक्षर रेडिओचं होतं. आम्ही दोघी एकाच वर्षी आमच्या मार्गदर्शक बाईंच्या लॅबमध्ये पीएचडीला लागलो. ती दारातून आत यायच्या आधी तिचा आवाज आत यायचा, म्हणून ती रेडिओ. मी प्रत्येक द्रावणाचा पीएच दोन दशांशांपर्यंत जुळवत बसायची, म्हणून तिनं मला तराजू करून टाकलं. बाई म्हणायच्या, "एकीचं तोंड मिटत नाही, दुसरीचं उघडत नाही. दोघींची सरासरी काढली तर एक बरी विद्यार्थिनी मिळेल."

बाईंनंतर ती लॅब माझ्याकडे आली. आता इमारतच रिकामी करायची होती आणि शुक्रवारी फ्रीजर बंद होणार होते. रोज सकाळी मी हातमोजे घालून एकेक कप्पा उपसत होते. टाकायचं, ठेवायचं, टाकायचं. हा खोका मात्र कुठल्याच ढिगात जाईना.

त्यात रेडिओचं प्रथिन होतं. प्रथिन म्हणजे मुळात लांब साखळी, नुसती सोडली तर लोकरीच्या धाग्यासारखी लोळत पडते. पण काही साखळ्यांत ठरावीक अंतरावर चार कड्या अशा असतात, की त्या चौघी मिळून जस्ताचा एक अणू पकडतात. जस्त मधे आलं की साखळीला पक्की घडी पडते. या घडीला आमच्यात बोट म्हणतात. असं बोट डीएनएच्या खाचेत शिरतं आणि साधारण तीन अक्षरं चाचपून ओळखतं. रेडिओच्या प्रथिनाला तीन बोटं होती, म्हणजे नऊ अक्षरं. पेशीतल्या एवढ्या पसाऱ्यात नेमकी ती नऊ अक्षरं शोधायची, तिथे बसायचं आणि शेजारचं जनुक चालू किंवा बंद करायचं, असं त्याचं काम असावं, हे तिला सिद्ध करायचं होतं.

"पर्समध्ये न बघता हात घालून किल्ली काढतो ना आपण, तसं," ती सगळ्यांना सांगायची. तिला स्वतःला पर्समध्ये किल्ली कधीच सापडायची नाही, ही गोष्ट वेगळी.

आमची चाचणी सोपी होती. जेलमधून, म्हणजे जेलीच्या पातळ लादीतून, विजेच्या ओढीनं डीएनए पळवायचा. तो एकटा असला तर भराभर पुढे जातो. प्रथिन त्याला धरून बसलं असेल तर मागे रेंगाळतो, आणि फिल्मवर त्याची पट्टी वर दिसते. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून फिल्म धुवायचो. रेडिओ तेवढ्यापुरती गप्प असायची. पट्टी खालीच दिसली की म्हणायची, "चला, आजही पळाला मेला." अकरा महिने तो पळत राहिला.

शेवटी बाई म्हणाल्या, "हे प्रथिन डीएनए धरतच नाही. किंवा तुझ्या हाताला ते जमत नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पैसे आणि वेळ संपले." रेडिओनं सामान आवरलं, सगळ्यांची थट्टा करत चहा पाजला आणि गेली. नंतर ती शाळेत विज्ञान शिकवू लागली. वाढदिवसाला फोन, लग्नकार्यात भेट, एवढं आमचं चालू राहिलं.

लॅबमधली सामायिक द्रावणं, म्हणजे बफर, मी बनवायची. सगळ्यांत मी ईडीटीए घालायची. ते धातूचे अणू गिळतं, त्यामुळे डीएनए कुरतडणारी विकरं लुळी पडतात. स्वयंपाकात मीठ, तसं आमच्याकडे ते. बाटलीवर मी पीएच लिहायची, आत काय आहे ते लिहायची नाही. रेडिओनं एकदा विचारलंही होतं, "तराजू, यात काय काय आहे गं?" मी मान वर न करता म्हणाले होते, "नेहमीचंच."

ती गेल्यावर चार वर्षांनी मी तेच द्रावण बनवत होते आणि ईडीटीएची बाटली उचललेला हात हवेतच राहिला. ती चिमूटभर जस्त घालायची, माझं द्रावण त्याच्या शंभरपट जस्त गिळू शकायचं. जस्त नाही तर घडी नाही, घडी नाही तर बोट नाही. मी तशीच बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिचं मार्गी लागलंय. आता सांगून कुणाचं भलं होणार?" मला ते पटलं, कारण मला ते पटायलाच हवं होतं.

आता शुक्रवारला तीन दिवस उरले होते. मी फोन लावला.

"तुझा खोका सापडलाय."

"कुठला? अगं बाई, माझं बाळ? जिवंत आहे?"

"माहीत नाही. बघायचं का? गुरुवारी ये."

"तू मला आपणहून बोलावतेयस? तुझी तब्येत बरी आहे ना?"

गुरुवारी ती आली. केस पांढरे, चष्मा डोक्यावर, आवाज जिन्यातूनच सुरू. पिपेट हातात घेतल्यावर मात्र तिचा अंगठा जुन्या सवयीनं बटणाच्या बरोबर पहिल्या टप्प्यावर थांबला. जुन्या प्रथिनाच्या कड्या एव्हाना आपापसांत चिकटल्या असणार, म्हणून त्या सोडवणारं औषध मी काढलं.

"ई! अजून तस्साच सडका वास. घरी गेले की सासूबाई मला थेट न्हाणीघरात पाठवायच्या." ती हसत शेल्फकडे वळली. "बफर कुठलं घेऊ? तुझं ते नेहमीचं?"

"ते नको. हे घे. यात ईडीटीए नाही."

"का गं?"

मी ठरवलं होतं की आधी निकाल पाहू, मग बोलू. पण तिनं विचारलं, आणि मी सांगितलं. बाटलीत काय असायचं, कधी कळलं, सगळं. माझी सगळी वाक्यं मिळून दहासुद्धा झाली नसतील.

रेडिओनं हातातली पिपेट खाली ठेवली. फ्रीजरचा पंप सुरू झाला, बंद झाला.

"म्हणजे अठरा वर्षं तुला माहीत आहे."

"हो."

"बाईंना?"

"त्यांनाही."

"माझ्या मुलीच्या लग्नात माझ्या शेजारी बसून जेवलीस तू." तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "मी वर्गात पोरांना सांगते, 'मीही संशोधन करून पाहिलं बाळांनो, पण माझ्या हाताला यश नव्हतं.' विनोद म्हणून सांगते. हसतात पोरं."

 

"जेल लाव," ती म्हणाली. "भांडण कुठं पळून जातंय."

जेलमधली तीन घरं भरली, तिनंच. पहिल्यात नुसता डीएनए, दुसऱ्यात त्याच्यासोबत जस्ताशिवाय प्रथिन, तिसऱ्यात जस्तासह. आता फिल्म नाही, अंधारी खोलीही नाही. दीड तासानं यंत्राच्या पडद्यावर चित्र उमटलं. पहिली पट्टी खाली. दुसरी खाली. तिसरी बोटभर वर, फिकट, पण काठ स्वच्छ.

रेडिओ पडद्याच्या इतकी जवळ गेली की काचेवर तिच्या श्वासाचं धुकं आलं.

"धरलंय गं," ती हळूच म्हणाली. "धरलंय त्यानं."

मग ती बसली आणि पदरानं नाही, हातमोज्याच्या उलट्या बाजूनं डोळे पुसले, जे लॅबमध्ये कधीही करू नये. मी तिला टोकलं नाही.

"माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली.

"नाही समजत."

"रविवारी येते तुझ्याकडे. नवऱ्याला फिरायला पाठव. मला मोठ्यानं बोलायचंय."

"ये."

मला वाटलं आता ती निघेल. पण तिनं नवे हातमोजे चढवले आणि खोक्यातली पुढची नळी बाहेर काढली. "धरतं हे कळलं. किती घट्ट धरतं ते नको बघायला? प्रथिन निम्मं निम्मं करत आठ घरं भरू."

"आज नाही संपणार ते."

"मग उद्या."

"उद्या दुपारी फ्रीजर बंद होतोय."

"दुपारी ना? सकाळ आपलीच आहे." तिनं कोपरानं पर्स पुढे ओढली, बराच वेळ चाचपून फोन शोधला आणि शाळेत लावला. पलीकडून कारण विचारलं असावं.

"हो, रजाच हवीय," रेडिओ पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "घरचं काम आहे."