शपथेवर लिहिलेली भीती

कोरीनला घटस्फोट हवा होता, एवढंच. डेल काही वाईट माणूस नव्हता. ओहायोतल्या त्या लहानशा वेक्सली गावात तो लोकांच्या घरांची छपरं बसवायचा, दमून यायचा, तोंडाचा फटकळ होता, आणि दोघांचं पटेनासं झालं होतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भांडणात त्यानं गोडाची बशी भिंतीवर फेकली होती, हे ती आपल्या वकीलबाईंना, प्रुइट बाईंना, बोलता बोलता सांगून गेली. बाईंनी मान वर केली.

"पोरगी तिथंच होती?"

"शेजारच्या खोलीत. पण तो अंगावर नाही हो येत कधी."

"अगं, ते कोर्टाला ठरवू दे. तू सही कर."

शपथेच्या कागदावर लिहिलं होतं, की कोरीनला नवऱ्याची भीती वाटते. स्वतःसाठी आणि सात वर्षांच्या मेबलसाठी. ती घुटमळली. सगळेच असं लिहितात, बाई म्हणाल्या. तिनं सही केली.

तेव्हापासून कोर्टाच्या हुकुमानं डेलला लेक भेटायची ती फक्त शनिवारी, एका खासगी भेटकेंद्रात, देखरेखीखाली. तासाचं भाडं त्यानंच भरायचं. केंद्राची अँजी नावाची बाई कोपऱ्यात बसून सगळं टिपून घ्यायची. केंद्राचा अहवाल दर वेळी तोच: भेट चांगली झाली, देखरेख चालू ठेवावी. दोन्ही वकील हसतखेळत पुढची तारीख घ्यायचे आणि बिलं दोन्ही घरांत पोचायची. कोरीननं दुसरी नोकरी धरली. डेलनं आपला ट्रक विकला.

एका शनिवारी ती मेबलला न्यायला लवकर पोचली. दाराच्या काचेतून तिला दिसलं, पोर अँजीसमोर हात मागे बांधून उभी होती.

"मिस अँजी, मी डॅडीच्या मांडीवर बसू का?"

डेल खाली फरशीकडे बघत होता.

सोमवारी कोरीन प्रुइट बाईंकडे गेली. "मला ते मागे घ्यायचंय."

"शपथेवर लिहिलंयस तू. आता फिरलीस तर खोटारडी ठरशील आणि पोरगी हातची जाईल. त्याचा वकील टपूनच बसलाय." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "थोडा धीर धर, बाळ."

पुढच्या तारखेला बाई काही बोलायच्या आतच कोरीन उठली.

"न्यायाधीश महाराज, डेलला मी कधीच घाबरले नव्हते. त्या कागदावरचं खोटं आहे आणि सही माझी आहे."

डेलचा वकील ताडकन उभा राहिला. "मुलीचा पूर्ण ताबा आम्हाला हवा!"

डेलनं त्याची बाही ओढली. "बसा हो खाली. माझा हिच्यावर राग आहे, फार आहे. पण पोरीला आईपासून तोडा, असं मी कधी म्हणालो तुम्हाला?"

न्यायाधीशांनी भेटकेंद्रातल्या भेटी बंद केल्या. शनिवार-रविवार मेबल डेलकडे. कोरीनला त्यांनी खरमरीत सुनावलं. आणि आईबापांचं दोघांचंही मन तपासायला एक मानसतज्ज्ञ नेमला, त्यांच्याच खर्चानं. पुन्हा तारीख.

बाहेर पायऱ्यांवर डेल थांबला.

"मी माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"या बिलांपायी आपलं घर विकावं लागणार आता."

"हो," ती म्हणाली. "मेबलला आपण दोघं मिळूनच सांगू या?"

त्यानं वळून बस येतेय का ते पाहिलं. मग म्हणाला, "उद्या शनिवार, ती माझ्याकडेच असेल. तिच्या जेवणानंतर ये."

त्याची बस आली आणि तो निघून गेला.