बाहीतलं बकरम

मावशीला कुणाचंच चांगलं बघवत नाही, असं गल्लीत सगळे म्हणत. तिला ते मान्य नव्हतं. चांगलं दिसलं तर बघेन की, असं तिचं म्हणणं. वीस वर्षं ती शिलाई मशीनवर बसून भागातल्या बहुतेक सगळ्या मारामारीच्या क्लासांचे गणवेश शिवत होती, आणि कोण किती पाण्यात आहे हे तिला उसवलेल्या शिवणीवरून कळायचं.

तिची भाची औषधांच्या गोदामात कामाला होती. तिथल्या मुकादमाने दोन रॅकांमधल्या बोळात तिची वाट अडवून मनगट पिरगळलं. तिने तक्रार केली, तर साहेबांनी तिलाच तीन महिने बिलांच्या खिडकीवर बसवलं आणि मुकादमाला समज दिली.

"समज दिली म्हणे! होती ती कधी वापरली नाही मेल्याने, आणखी घेऊन काय करणार?" मावशी म्हणाली.

तीन महिन्यांनी पोरगी परत त्याच बोळात जाणार होती. नाहीतर नोकरी सोडायची. आणि नोकरी तिला सोडायची नव्हती. म्हणून रविवारी ती कागदावर रकाने आखून दुकानात हजर झाली.

"चार क्लास आहेत, मावशी. तुलना करून एक ठरवू."

"आधी बोळ किती रुंद ते सांग."

"कमरेवर हात ठेवले की दोन्ही कोपरं रॅकला लागतात."

मावशीने तिला तसंच उभं केलं आणि टेप लावला. बत्तीस इंच भरले.

पहिला क्लास तायक्वांदोचा. तिथे सगळे आपल्या डोक्यापेक्षा उंच लाथा मारत होते. "यांच्या विजारी मांडीत उसवतात, माझं दुकान त्यावरच चालतं," मावशी कुजबुजली. "पण बत्तीस इंचात पाय उचललास तर बाटल्या तेवढ्या पडतील. मुकादम उभा तो उभाच."

कुंग फूवाल्याने आधी वाघ केला, मग बगळा, मग माकड. सहा वर्षांत तयारी होईल म्हणाला. "तोवर तो मुकादम निवृत्त होईल हो," असं त्याच्या तोंडावर सांगून मावशी जिना उतरली.

तिसरा कराटेचा. मोठा हॉल, भिंतीला आरसे, आणि मधोमध काळ्या पट्ट्याचे सर. त्यांनी हवेत ठोसा मारला. फाट्! दुसरा मारला. फाट्! भाचीचे डोळे विस्फारले.

"ऐकलास आवाज? मावशी, हाच. हाच क्लास."

तिने रकान्यात चांदणीसुद्धा काढली. मावशी मात्र सरांच्या बाहीकडे बघत राहिली. सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू होता, तो पहिल्यांदा थांबला. कारण तो आवाज तिचा होता. कॉलर ताठ राहावी म्हणून घालतात ते बकरम ती सरांच्या बाहीच्या टोकाला दुहेरी घालायची. सरांनीच एकदा हळूच येऊन सांगितलं होतं, बाही वाजली पाहिजे. तेव्हा ती पोट धरधरून हसली होती आणि काम घेतलं होतं. सर म्हणजे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आता तिला हसू येईना. पोरगी त्या बोळात या आवाजाच्या भरवशावर जाणार होती, आणि मावशीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सर, बाहीचा दोरा लोंबतोय. थांबा जरा."

सरांनी ऐटीत हात पुढे केला. मावशीने पर्समधून ब्लेड काढलं, टाके सरसर उसवले आणि आतली पट्टी ओढून मुठीत धरली.

"हं, मारा आता."

सरांनी मारला. काही म्हणजे काही वाजलं नाही. त्यांनी आणखी जोरात मारला, तोंडाने ओरडलेही. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," मावशी म्हणाली.

जिन्यात भाची थांबली. "ते तू शिवलं होतंस?"

"सहा वर्षं शिवतेय."

"आणि सकाळपासून नावं कुणाला ठेवतेयस?"

मावशी पुढे होऊन जिना उतरू लागली. बकरम तिच्या मुठीत तसंच होतं.

चौथा क्लास लाँड्रीच्या वरच्या खोलीत, मुए थाईचा. तिथलं कापड मावशीकडे कधी आलंच नव्हतं. जुने बनियन घालून कोपर आणि गुडघे चालवणारी ती माणसं. मावशीने टेप काढून शिकवणाऱ्या बाईंना बत्तीस इंच दाखवले. बाईंनी तेवढ्याच जागेत उभं राहून पोत्यावर कोपर मारलं. धप्प झालं, तेही पोत्याचं.

"नाक वाकडं आहे हिचं," मावशी सवयीने पुटपुटली.

"खरं तरी आहे," भाची म्हणाली, आणि तिने नाव नोंदवलं.

सरांनी दुसरा शिंपी धरला. मावशीने तो विषय काढला नाही. तीन महिने तिने पोरीच्या काळ्यानिळ्या पोटऱ्यांना तेल चोळलं, आणि नवल म्हणजे न बोलता.

ज्या दिवशी भाची परत रॅकांत गेली, त्या संध्याकाळी मावशीचं मशीनवर लक्ष नव्हतं. एकच बाही तिने दोनदा उलटी लावली. भाची आली, चप्पल काढली, पाणी प्यायली.

"अगं बोल की, बये! जीव टांगणीला लागलाय माझा."

"आला होता. मनगट धरलं."

"मग?"

"मग कोपर मारलं." भाचीने ग्लास खाली ठेवला. "कोपराचा आवाज अजिबात होत नाही, मावशी. त्याचा झाला."