कबासोच्या गोलात काय पुरलं

कोच चिपाशाने माझ्या पिशवीतून आईने दिलेलं मुळ्यांचं पुडकं काढलं, सगळ्या संघासमोर नाचवलं आणि म्हणाला, "बघा, आपण का हरतोय ते!" पोटदुखीचं औषध होतं ते. पण मी पडलो पश्चिमेकडचा, लोझी. तांब्याच्या खाणींच्या या मुलखात लोझी माणसाच्या पिशवीत औषध नसतं, करणीच असते. कॉपर लायन्सनी त्याच दिवशी मला हाकललं. माझ्या जागी खेळायला आला तो चिपाशाचा मेव्हणा.

मग नुसती वणवण. न्डोला, लिव्हिंगस्टन, एक मोसम मलावीत. गोल मी सगळीकडे केले, पण माझ्याआधी माझी कीर्ती पोहोचलेली असायची. संघ दोनदा हरला की सगळे माझ्या पिशवीकडे बघायला लागायचे आणि मी पुढचा क्लब शोधायला. चिपाशाला त्याच्याच लोकांसमोर मातीत लोळवायचं, एवढ्या एका इच्छेवर मी पाय टिकवून ठेवले होते.

संधी आली तेव्हा केस पिकायला लागले होते. मोसमाचा शेवटचा सामना, लायन्सच्या मैदानावर. बरोबरी झाली तरी ते वाचणार होते, हरले तर खालच्या लीगमध्ये जाणार होते. उत्तरार्ध संपत आला तरी एकही गोल नाही.

"ए मुडाला," प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्या, गुडघे घरी विसरलास काय?"

आम्हाला कॉर्नर मिळाला. मी बुटाची नाडी बांधायला म्हणून डाव्या खांबापाशी बसलो. बोटाने माती उकरली, रिकामी मूठ खड्ड्यात उघडली, माती लोटली, वर ओठ हलवले. गोलकीपर कबासोचे डोळे विस्फारले. पुडकं निघालं तेव्हा सगळ्यात लांब पळालेला तो हाच.

"कोच! लुबिंदाने इथे काहीतरी पुरलं!"

"तिथे पाय ठेवू नकोस!" चिपाशा बाहेरून किंचाळला. "उजवीकडे हो! अजून उजवीकडे!"

कबासो सरकला. कॉर्नर आला आणि मी निवांतपणे डोक्याने चेंडू डावीकडे घातला.

चिपाशा धावत मैदानात आला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागला. पंचाने लाल कार्ड दाखवलं, त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. लोक हसत होते. त्याचेच लोक.

"खणा कोच, खोल खणा," मी त्याच्या डोक्यावर उभा राहून म्हणालो. "माझ्या पिशवीत सापडलं होतं ना? इथेही सापडेल."

त्याची नखं फुटली. जीव कसा थंडगार झाला माझा! खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला कुठल्याच गोलाने दिला नव्हता.

"काहीच नाही," तो शेवटी पुटपुटला. "खाली काहीच नाही."

हसणं एकदम थांबलं.

लायन्स खाली गेले. परतताना बस जेवायला थांबली. सकाळी आमचा कॅप्टन कापेम्ब्वा आणि मी एकाच ताटातून मक्याच्या पिठाचा न्शिमा खाल्ला होता. आता माझं ताट वेगळं, कोपऱ्यात, झाकून ठेवलेलं.

"कापेम्ब्वा, हे काय रे?"

"रागावू नकोस, मुडाला," तो लांबूनच, हात जोडल्यासारखे करून म्हणाला. "आमचं फक्त काही वाकडं करू नकोस."

"अरे, तिथे काहीच नव्हतं! त्याने एवढं खणलं, कुणाला काही दिसलं का?"

"तेच तर," कापेम्ब्वा म्हणाला आणि आणखी एक पाऊल मागे सरकला.