पाचवा चौकोन

“जांभई दिली तर झोपेचा आजार, नाही दिली तर काळजीचा. साधं कंटाळलेलं माणूस म्हणून काही शिल्लक ठेवलंय का या पुस्तकाने?” शेमाय वहीआडून पुटपुटली.

“हळू बोल,” शेजारची जोव्हेल म्हणाली. “आता तुला कुरकुरीचा आजार लागेल.”

गेल्या तीन आठवड्यांत बारावीच्या त्या वर्गाचा दवाखाना झाला होता. मानसशास्त्राच्या तासाला मॅम गेलवेझोननी मनोविकारांचा धडा सुरू केला आणि पोरांच्या हाती कोलीतच मिळालं. पेन्सिली ओळीत लावणाऱ्याला एक रोग, न लावणाऱ्याला दुसरा. कँटीनमधल्या मानांग बेबिंगला दोन व्यक्तिमत्त्वं असल्याचं निदान झालं. एक शिक्षकांना मऊ भात वाढणारं, दुसरं पोरांना तळाची खरवड वाढणारं. मानांग बेबिंगच्या कानावर ते गेलं तेव्हा ती डाव उगारून म्हणाली, “तिसरंही आहे. दाखवू?”

तोवर मजाच होती. मग धडा पालटला. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस, यांच्यातलं बंधन. मॅमनी फळ्यावर चार चौकोन काढले. सुरक्षित, टाळणारं, चिकटणारं, विस्कटलेलं. आई खोलीतून गेली की मूल काय करतं आणि परत आली की काय करतं, त्यावरून त्याचा चौकोन ठरतो म्हणे.

“एक उदाहरण घेऊ,” मॅम म्हणाल्या. “नाव सांगत नाही, नुसतं अक्षर. ‘जी’ नावाची मुलगी. ती पाच वर्षांची असताना आई हाँगकाँगला घरकामाला गेली. दोन वर्षांनी आई सुट्टीवर आली, तेव्हा ‘जी’ने तिला मिठी मारली नाही. पाहुण्या बाईला नमस्कार करताना लावावा तसा तिचा हात स्वतःच्या कपाळाला लावला आणि खेळायला निघून गेली.”

आता त्या गावात जवळपास सगळ्यांची आडनावं इंग्रजी ‘जी’पासूनच सुरू होतात. कुठल्याशा स्पॅनिश साहेबाने गावागावाला एकेक अक्षर वाटून दिलं, तेव्हापासून. वर्गातल्या एक्केचाळीसपैकी चाळीस पोरं ‘जी’, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आया परदेशात. तरी सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. कपाळाला लावलेला तो हात अख्ख्या गल्लीने पाहिला होता, आणि जोव्हेल गुम्बानने ती गोष्ट मागच्याच महिन्यात गृहपाठाच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून मॅमना दिली होती.

जोव्हेलने मान खाली घातली नाही. ज्याने ज्याने वळून पाहिलं त्याच्याकडे तिने तेवढंच टक लावून पाहिलं.

“टाळणाऱ्यात बसते ती,” मॅम म्हणाल्या. “कदाचित विस्कटलेल्यात.” आणि का कुणास ठाऊक, त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

का ते खरं तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. मॅम स्वतः जूनमध्ये अमेरिकेला चालल्या होत्या, ॲरिझोनातल्या एका शाळेत शिकवायला. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण शेमायच्या काकाच्या दुकानात त्यांनी पांढऱ्या पडद्यापुढे, केस मागे सारून, कान उघडे ठेवून फोटो काढून घेतला होता. तसा फोटो कुणी हौसेने काढत नाही. त्यांची चार वर्षांची टिकाय आजीकडे राहणार, हेही गावाने त्यांच्या आधी ठरवून टाकलं होतं. पण बोललं कुणीच नाही. अशा बाबतीत ते गाव तोंडात मूग धरून बसण्यात पटाईत होतं.

तास संपताना मॅमनी एकेक छापील कागद वाटला. ‘माझं पहिलं बंधन.’ प्रश्नापुढे एकच रेघ, रेघेवर एकच नाव लिहायचं.

जोव्हेलने तो कागद घरी नेऊन मन लावून भरला. भूक लागली की कुणाकडे जायचीस? लोला पासिंगकडे, माझ्या आजीकडे. ताप आला की? लोलाकडे आणि शेजारच्या तिया लुझकडे, कारण थर्मामीटर त्यांच्याकडे आहे. वीज कडाडली की? लोलाच्या कुशीत, पण वीज कडाडली की लोलाच घाबरते, म्हणून आम्ही दोघी तिया लुझच्या कुशीत. पाळी पहिल्यांदा आली तेव्हा? आईकडे, लोला न्हाणीघराच्या दारात फोन धरून उभी होती आणि आई पलीकडून सांगत होती. रेघा पुरेनात तेव्हा तिने खाली वहीचं पान चिकटवलं. आणि तळाशी ते चार चौकोन होते, त्यांच्या शेजारी पट्टी धरून पाचवा काढला. त्यात लिहिलं, ‘पुष्कळांची’. आणि त्यावर ठसठशीत खूण केली.

कागद शुक्रवारी परत आला. वर लाल शाईत, ‘पुन्हा लिही. एकच नाव. नाहीतर सोबतचं पत्र आईला पाठव, सही घे आणि सोमवारी मला भेट.’ सोबत एक लिफाफा. ‘आपल्या दीर्घ गैरहजेरीमुळे आपल्या मुलीत बंधनविकाराची लक्षणं दिसत असून...’ जोव्हेलने पुढचं वाचलं नाही. तिला दिसली ती आई. परक्या बाईच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या छोट्या स्टुलावर बसून, ओले हात ॲप्रनला पुसत हे वाचणारी. ती रडेल, आणि करार मोडून परत येईल. किंवा येणार नाही आणि जन्मभर हे एक वाक्य उशाशी घेऊन झोपेल. बारा वर्षं दुसऱ्यांची पोरं वाढवली तिने. त्या पोरांना त्यांच्या शाळेत कुठल्या चौकोनात बसवत असतील कोण जाणे.

त्या संध्याकाळी लोला पासिंगने सुकी मासळी तळली आणि बाटली उलटी करून पाहिली. शिरका संपला होता.

“आण इकडे, मी आणते,” जोव्हेल म्हणाली.

“तू बस, इन्दाय, बस पोरी. मीच जाते.”

“लोला, तुझे गुडघे—”

“माझे गुडघे मला ठाऊक आहेत. तू बस म्हटलं ना.” आणि लोला भिंतीला धरत, कण्हत, चार घरांपलीकडच्या दुकानात निघालीसुद्धा.

बारा वर्षं हे असंच चाललं होतं. तांदूळ आणायला जोव्हेल जायची, साबण आणायला जोव्हेल. शिरका मात्र लोलाच आणायची. पाच वर्षांची जोव्हेल एका सकाळी रिकामी बाटली घेऊन दुकानात गेली होती. आईनेच पाठवलं होतं, तेही केस विंचरून, नवा फ्रॉक घालून. शिरका आणायला नवा फ्रॉक कशाला, हे तेव्हा सुचलं नाही. भरलेली बाटली दोन्ही हातांनी सांभाळत ती परत आली तेव्हा कोपऱ्यावर एक तीनचाकी वळत होती, आणि घरात लोला धुतलेल्या बश्या पुन्हा धूत होती. पोर रडू नये म्हणून त्या गावातल्या सगळ्या आया अशाच निघतात. कुणाचं पोर समुद्रावर नेतात, कुणाचं झोपलेलं असतं, कुणाचं दुकानात पाठवतात. घरी परतल्यावर कुणी काही सांगत नाही. पोरही विचारत नाही, कारण कुणी सांगत नाही म्हणजे विचारायचं नसतं, एवढं पोराला कळतं.

जोव्हेलने लिफाफा दप्तराच्या तळाशी घातला. आईला पाठवला नाही.

सोमवारी चार वाजता ती मॅमच्या खोलीकडे गेली तर मॅम बाहेरच होत्या. स्वतःच्याच खोलीच्या दारामागे, भिंतीला पाठ लावून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. गेले दोन आठवडे अख्खी शाळा त्यांना असं उभं पाहत होती आणि जमिनीवर काही सांडल्यासारखी वळसा घालून जात होती.

“मॅम.”

“शू! सात मिनिटं झाली,” मॅम कुजबुजल्या. “शुक्रवारी पाचच होती. थोडं थोडं वाढवतेय.”

दाराच्या फटीतून टिकाय दिसत होती. मॅमच्या खुर्चीवर गुडघ्यांवर बसून ती म्हशीचं चित्र रंगवत होती. आठ मिनिटं झाली तशा मॅम आत गेल्या. टिकायने मान वर केली नाही.

मॅमचा चेहरा उतरला. “पाहिलंस? वळूनसुद्धा बघितलं नाही.”

“शेपूट राहिलंय तिचं, मॅम.”

“काय?”

“म्हशीचं. शेपूट रंगवून झालं की बघेल.”

मॅम खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा मॅम झाल्या. “पत्र आणलंस?”

जोव्हेलने लिफाफा टेबलावर ठेवला. “आणलं. पाठवलं नाही. पाठवणारही नाही.”

“इन्दाय, हे तुझ्या भल्यासाठी आहे. कागद तरी नीट लिही. एक नाव लिहायला काय जातं?”

“एक नाव लिहिलं तर खोटं होईल.”

“हा अभ्यास आहे. शास्त्र आहे. चारच चौकोन असतात.”

“मग शास्त्राने आमच्या गल्लीत येऊन मोजावं. मला वाढवायला किती माणसं लागली ते बघावं.” जोव्हेलचा आवाज चढला, तिने तो चढू दिला. “आणि मॅम, त्या पत्रात बापाचं नाव कुठे आहे? माझा बाप बोटीवर आहे, मी जन्मायच्या आधीपासून. नऊ महिने समुद्रात, दोन महिने घरी. बाप गेला की भिंतीवर त्याचा टोपीतला फोटो लागतो, आई गेली की पोराला आजार लागतो. हे कुठल्या पानावर आहे? मला दाखवा.”

टिकायने म्हशीला हिरवं शेपूट दिलं.

“तुला राग येत नाही आईचा?” मॅमनी विचारलं. आवाज आता शिक्षिकेचा नव्हता.

“येतो ना. पुष्कळ येतो. फोन आला की कधीकधी मी मुद्दाम लोलाकडे देते आणि मोरीत जाऊन उभी राहते. पण राग म्हणजे आजार नव्हे, मॅम. माणूस आवडतं म्हणून राग येतो. शेमायच्या बापाचा मला राग येतो का? नाही येत. कोण लागतो तो माझा?”

मॅमच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तिथेच मोडलं.

“माझ्या आईने काही चुकीचं केलं असेल,” जोव्हेल म्हणाली, “तर ती गेली हे नव्हे.” ती थांबली. हे ती आजवर लोलाला बोलली नव्हती, आईला तर नव्हतीच. “तिने मला शिरका आणायला पाठवलं. मी परत आले तर ती नव्हती. बारा वर्षं झाली, आमच्या घरात कुणी मला शिरका आणायला पाठवत नाही आणि का पाठवत नाही ते कुणी बोलत नाही. मी रडले असते, मॅम. रडू द्यायचं होतं. तो हात मी कपाळाला का लावला माहीत आहे? निरोप न घेता गेलेलं माणूस परत आलं की त्याला काय म्हणायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पाहुण्यांना काय करायचं तेवढं शिकवलं होतं, ते केलं.”

बाहेर कुणीतरी घंटेचा टोला दिला. मॅमनी लिफाफा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“हे पत्र पाठवायचंच असेल तर पाठवा,” जोव्हेल म्हणाली, “पण आधी एक तुमच्या नावाने लिहा. जूनमध्ये टाका पेटीत.”

सगळ्या शाळेने दोन आठवडे ज्याला वळसा घातला होता, त्यावर तिचा पाय पडला होता. आता मॅम हाकलतील, नापास करतील. जोव्हेल दप्तराचा पट्टा धरून उभी राहिली, जागची हलली नाही.

मॅम हाकलून द्यायला उठल्या नाहीत. म्हणाल्या, “माझी आई म्हणते, त्या दिवशी तिला समुद्रावर नेते. वाळूत खेळेल. संध्याकाळी परत येईपर्यंत...” त्यांनी हात हवेत नुसता फिरवला. “ती लहान आहे, इन्दाय. तिला काय कळणार?”

“मीही लहानच होते. कळलं मला. सांगितलं नाही कुणी, एवढंच.”

“रडेल ती.”

“रडेलच.”

“मला सोडणारच नाही.”

“नाही सोडणार. मग तुमच्या आईला तिला ओढून घ्यावं लागेल, आणि तुमच्या फ्रॉकचं बटण तुटेल. पण टिकायच्या हातात ते बटण तरी राहील, मॅम. माझ्या हातात शिरक्याची बाटली होती.”

टिकायचा कागद भरला होता. तिने टेबलावर नजर फिरवली, लिफाफ्यातलं पत्र उपसलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर दुसरी म्हैस काढायला घेतली. मॅमनी पाहिलं. काढून घेतलं नाही.

मग त्या खुर्चीवरून उतरल्या आणि टिकायच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसल्या. घड्याळ त्यांनी मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं. जोव्हेलला वाटलं, आता या म्हणतील, बाळ, आइसकँडी हवी? सगळ्या तेच म्हणतात.

“टिकाय,” मॅम म्हणाल्या, “रंग खाली ठेव. इकडे बघ माझ्याकडे.”

टिकायने बघितलं.

“मम्मी दूर जाणार आहे. विमानाने. पुष्कळ दिवस. आणि मी तुला बरोबर नेत नाहीये.”