बिनडिस्कचं मशीन

या, जरा जवळ सरका. कांथो शहरातल्या लान्हमावशीच्या संतापाची गोष्ट सांगतो.

मावशी नदीकाठच्या मंडळीत गाणारी. तिचे गुरू खुओंगबुवा वारले, तेव्हा त्यांचं शेवटचं गाणं फक्त तिच्या मोबाइलवर होतं. मोबाइल भरला, म्हणून तिनं तोआनच्या नेट कॅफेतल्या कॉम्प्युटरवर ते गाणं ठेवलं आणि मोबाइलमधलं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते, तर गाणं गायब.

"मावशी, या मशिनांत काही साठवायला डिस्कच नाही," तोआन म्हणाला. "पूर्वी असायची. गिऱ्हाइकं व्हायरस भरायची, एकानं तर डिस्कच उचकटून नेली. आता सगळं आतल्या खोलीतल्या सर्व्हरवरून येतं, आणि मशीन बंद केलं की तुमचं ठेवलेलं पुसलं जातं. अख्ख्या गावाला ठाऊक आहे!"

"मग मला सांगायला तुझी जीभ झडली होती? तुझ्यासमोर बसून ठेवलं ना रे, मुडद्या!"

"मला वाटलं, गेम खेळताय."

"या वयात? गेम?" मावशीनं टेबलावर असा हात आपटला की खेळणाऱ्यांनी कानांवरचे हेडफोन काढले. "आता ऐका सगळे!"

ती तिथंच उभी राहून ते गाणं गायली. रागानं आवाज फाटत होता. बुवांचा स्वर जिथं थरथरत खाली यायचा तिथं ती अडली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. ती जागा तिला सापडलीच नाही.

"माझं चुकलं, मावशी," तोआन पुटपुटला.

"माफी नको. इथं ठेवलेलं पुसलं जातं, अशी भिंतीवर पाटी लाव!"

मंडळी, बुवांचा तो स्वर आता कुठंच नाही. खुओंगबुवांची आठवण तेवढी ठेवा.